मागच्या खोलीची गळती

क्षमानं हातोडीनं भिंत ठोकून पाहिली. आवाज भरीव आला, तरी वहीत तिनं ‘गिलावा पोकळ’ असं लिहून रक्कम दुप्पट केली. हयवदनकाकांना बसवनगुडीतलं हे जुनं घर विकायचं होतं. घेणारा मकरंद पुण्याचा. दुरुस्ती पंचवीस लाखांच्या वर गेली, तर तो व्यवहार सोडणार होता. एस्टिमेटसाठी त्यानं घरदुरुस्तीची कामं करणाऱ्या नेमक्या क्षमाला बोलावलं, आणि तीस वर्षं ती अशाच दिवसाची वाट पाहत होती.

पुतणीला पाहून काका गोड हसले. घरचीच मुलगी आहे, काळजी नाही, असं मकरंदला म्हणाले. तो बाहेर गेल्यावर हळूच तिच्याकडे वाकले.

“स्वल्प कमीच लिही गं.”

“सरी, काका,” तीही तशाच कानडी वळणानं हो म्हणाली. चांगला इंगा दाखवते, हे मनात.

वडील गेल्यावर काकांनी तिला नि आईला स्वयंपाकघरामागची खोली दिली होती. ती पावसाळाभर गळायची आणि आई दमेकरी. छप्पर उतरवावं लागेल, चाळीस हजार कुठून आणू, असं काका दरवर्षी सांगायचे. तिसऱ्या पावसाळ्यात आई गेली.

क्षमा गच्चीवर चढली. इथे तरी खोटं लिहावं लागणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण त्या खोलीचं छप्पर खणखणीत निघालं. कोपऱ्यात पाणी जायचं भोक तेवढं विटांच्या तुकड्यांनी बुजलं होतं. साचलेलं पाणी भिंतीत मुरायचं, बाकी काही नाही. एका गवंड्याचं एका दिवसाचं काम. हे खरं तिला आता खोट्या आकड्यांत बुडवायचं नव्हतं. कठड्याला टेकून तिनं लिहिलेली पानं फाडली आणि सगळं एस्टिमेट नव्यानं, खरं खरं लिहून काढलं.

दिवाणखान्यात तिनं ते मकरंद आणि काकांना वाचून दाखवलं. एकूण चौदा लाख. काकांचा चेहरा खुलला. काकू कॉफी घेऊन आल्या, तशी क्षमा शेवटच्या ओळीवर थांबली.

“मागची खोली, गळती. दोन हजार. तेव्हा दीडशे रुपयांत झालं असतं.”

“आणि छप्पर?” काकूंनी विचारलं.

“छपराला कधी काही झालंच नव्हतं, काकू.”

जुन्या गोष्टी कशाला, असं काका घाईघाईनं म्हणाले. काकूंनी त्यांच्या पुढ्यातला पेला उचलून परत तबकात ठेवला.

“त्या छपरासाठी मी पाटल्या दिल्या होत्या काढून. हिच्या आईसाठी. पुरल्या नाहीत म्हणालात तुम्ही.”

क्षमाला हे ठाऊक नव्हतं. मकरंदला त्यातलं काही कळलं नाही. चौदा लाख परवडतात, असं तो खुशीत म्हणाला. घर काकूंच्याही नावावर होतं, म्हणून सह्यांना दोघांनी कधी यायचं ते त्यानं विचारलं.

“माझी सही मिळायची नाही,” काकू म्हणाल्या, आणि क्षमाला जेवायला थांबायला सांगून आत गेल्या.