मोठ्या तलावावरची पाणमांजरं

"ती स्लाइड नष्ट केलेली आहे," दप्तरवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर फिरवून बगळेबुवांपुढे धरलं. "ही बघा नोंद. एकवीस वर्षं झाली. खाली सही माझी आणि वर शेरा तुमचा. 'सदोष. फाडून टाकावी.' स्वतःचं अक्षर ओळखता ना?"

अक्षर त्यांचंच होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ वाजले होते आणि सुनावणी अकराला होती.

"बाई, एकदा कपाटात बघा तरी."

"फाडलेली वस्तू कपाटात कशी असेल?"

वन्यजीव खात्यात चौतीस वर्षं फोटो काढणाऱ्या या गृहस्थांना सगळे बगळेबुवा म्हणत. पोटरीभर पाण्यात तासन्‌तास हलायचं नाही हा त्यांचा धंदाच होता, तेव्हा नाव शोभून दिसायचं. ठेवणाऱ्यांच्या मनात तेवढंच होतं असं मात्र नाही. बगळ्याचं ध्यान कुठं असतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. खात्याच्या मासिकासाठी त्यांनी काय काय टिपलं होतं! नौकांच्या शर्यती, तंबूत भिजून बसलेली कुटुंबं, रोपं लावणारी शाळकरी मुलं, आणि गळाला लागलेला मासा हातात धरून उभे असलेले एकूण सात संचालक. मासा जरा पुढे धरायला सांगायचा, म्हणजे तो मोठा दिसतो, ही युक्ती त्यांनी सातही जणांना शिकवली होती. आणि अधूनमधून, देव पावला तर, एखादं जनावर.

पाणमांजरांचे म्हणाल तर सव्वीस वर्षांत सतराच फोटो. सगळ्यांवर एकच ठिकाण लिहिलेलं: मोठा तलाव. आणि सतराच्या सतरा वेळा ते खोटं होतं.

ते खोटं त्यांनी का लिहिलं, हे त्यांनी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पाणमांजरं राहत होती शहराच्या पाठीलाच, बंद पडलेल्या वीटभट्टीमागे. माती उपसून झालेले खड्डे पाण्यानं भरले होते, त्यांच्या काठाला वेत माजला होता आणि काठातल्या बिळांत पाणमांजरांचा संसार होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बगळेबुवांना त्यांचा पहिला फोटो मिळाला, तेव्हा हुरळून जाऊन त्यांनी ठिकाण खरं लिहिलं आणि मासिकात ते छापून आलं. नवव्या दिवशी ते पुन्हा गेले, तर काठाला लोखंडी सापळे होते. भट्टीच्या भिंतीवर दोन कातडी खिळे ठोकून वाळत घातली होती, त्यातलं एक अगदी लहान होतं. त्या दिवशी ते भट्टीच्या सावलीत बसून लहान मुलासारखे रडले.

दोन वर्षांनी तिथं पुन्हा एक जोडी आली. तेव्हापासून फोटो भट्टीमागचा, पण स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर लिहायचं 'मोठा तलाव'. वीस किलोमीटर लांब, अफाट पाणी, चौकीला पहारेकरी. शोधणाऱ्यानं जन्मभर शोधत बसावं. भट्टीचं उंच धुराडं फोटोत येऊ नये म्हणून ते नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसायचे. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पुढं झालं असं, की त्याच फोटोंच्या आधारावर खात्यानं मोठा तलाव संरक्षित केला. इंजिनाच्या होड्या बंद झाल्या, बाकं आली, तिकीटखिडकी आली, पाणमांजराचं चित्र काढलेल्या अकरा पाट्या आल्या. पाणमांजर तेवढं आलं नाही. कुणी तक्रार केलीच तर पहारेकरी म्हणायचा, "सकाळी लवकर यायला हवं होतं तुम्ही."

आणि आता भट्टीमागचे खड्डे बुजवून तिथं ट्रकतळ होणार होता. आजची सुनावणी त्याचीच होती. खात्याचा अहवाल गेल्या गुरुवारी बगळेबुवांच्या हाती पडला, फोटो जोडायला म्हणून. "सदर डबक्यांत गेल्या सव्वीस वर्षांत पाणमांजराची एकही नोंद नाही. आधार: खात्याच्या छायाचित्रकाराची सव्वीस वर्षांची छायाचित्रे." वाचून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण ज्यांना लपवलं, त्यांनाच आपण आता गाडतोय.

हे सगळं त्यांनी बाईंना उभ्याउभ्या सांगितलं. बाई ऐकत होत्या, रजिस्टरवरचा हात त्यांनी उचलला नाही.

"त्या एकाच स्लाइडमध्ये धुराडं आलं होतं," ते म्हणाले. "मादी अचानक उलट्या बाजूनं आली. मी वळलो आणि दाबलं. म्हणून तर फाडायला सांगितली. बाई, ती फाडली नाही असं म्हणा हो."

"म्हणजे मी खोटी नोंद केली असं म्हणू?" बाईंचा आवाज चढला. "नोकरीत एक शेरा नाही माझ्यावर!"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. संचालकांनी बगळेबुवांना वर बोलावलं होतं.

संचालक त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होते. माणूस वाईट नव्हता. बगळेबुवांनी सोमवारीच त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं आणि तेव्हापासून त्यांनाही झोप नव्हती.

"हे हात दाखवून अवलक्षण आहे," संचालक म्हणाले. "तुम्ही आज तिथं उभे राहिलात की उद्या कुणीतरी म्हणणार, मोठ्या तलावाचं संरक्षण काढा, ते खोट्या फोटोंवर उभं आहे. तिथं आता बदकं उतरतात, कासवं आहेत. त्यांचं काय? आणि तुमचं बाकीचं काम? चाळीस हजार फोटो आहेत तुमचे. एकावर तरी कुणी विश्वास ठेवेल का?"

"मग भट्टीमागच्यांचं काय करायचं, साहेब?"

संचालकांनी दार लोटून घेतलं. "पकडू. गुपचूप. आणि मोठ्या तलावावर नेऊन सोडू. तुमचं लिहिणं खरं होऊन जाईल. कुणाचंच काही जाणार नाही."

खरं सांगायचं तर बगळेबुवांच्या जिवात जीव आला. क्षणभर त्यांना तो तलाव दिसला, पाट्यांवरच्या चित्राखाली खरंखुरं पाणमांजर पोहताना दिसलं, आणि आपण कधी खोटं बोललोच नव्हतो असं वाटलं. कुणाला नको असतं असं? नाही म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

"पिल्लं बिळात आहेत आत्ता," ते शेवटी म्हणाले. "पिंजऱ्यात आई सापडते, साहेब. पिल्लं आतच राहतात."

"किती असतील?"

"दोन, नाहीतर तीन."

संचालकांनी दार पुन्हा उघडलं. "मी तुम्हाला अडवू शकत नाही," ते म्हणाले. "पण खातं तुमच्या मागं उभं राहणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

जिन्याखाली बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक जुना लिफाफा होता.

"तोंडात पिल्लू होतं हो तिच्या," त्या म्हणाल्या. "मी दोनदा कात्री हातात घेतली. नाही फाडवलं."

"आणि रजिस्टर?"

"अकरा महिने राहिलेत माझे. बघू काय करतात ते. निघा तुम्ही, साडेदहा झाले."

सुनावणीच्या दालनात ऐंशीएक माणसं होती. बरीचशी ट्रकतळ व्हावा म्हणून आली होती, आणि त्यांचं काही चूक नव्हतं. भरलेले ट्रक रोज शाळेसमोरून जात होते, गेल्या वर्षी एक मूल चाकाखाली आलं होतं. त्या मुलाचा बाप पहिल्या रांगेत बसला होता. बगळेबुवांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग बघायचं टाळलं.

त्यांचं सांगून झाल्यावर ट्रकतळाचे वकील उठले.

"म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही सरकारी नोंदीत खोटं लिहीत होता?"

"हो."

"चुकून?"

"चूक एकदा होते. मी सतरा वेळा लिहिलं."

कुणीतरी हसलं. वकील हसले नाहीत. "इतकी वर्षं वरिष्ठांना माहीत होतं?"

"नाही."

"घरी?"

"नाही. मुलगी सात वर्षांची होती, तेव्हा तिनं हट्ट धरला. तिला मोठ्या तलावावर नेऊन दिवसभर बाकावर बसवलं. तिथं काही नाही हे मला माहीत होतं. तिला काल रात्री फोनवर सांगितलं. ती शिक्षिका आहे. दर वर्षी आपला वर्ग घेऊन तिथं जाते."

मुलीनं फोन मधेच ठेवला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. वकील एक पाऊल पुढे आले.

"मग आज तुम्ही खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

बगळेबुवांनी लिफाफा पुढे केला. सुनावणी अधिकाऱ्यांनी स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळा बारीक केला. वेतातून वर येणारी ओली मादी, तिच्या दातांत मानेला धरलेलं पिल्लू, आणि मागं वीज पडून एका बाजूनं ढासळलेलं धुराडं. असं धुराडं पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. चौकटीच्या कडेला फिल्म धुणाऱ्यांनी छापलेला महिना आणि वर्ष होतं.

"ठिकाण हेच आहे," अधिकारी म्हणाले.

"एकवीस वर्षांपूर्वी!" वकील म्हणाले. "आज तिथं काय आहे? आजचा फोटो दाखवा."

"नाही काढला."

"का? तेच तर काम तुमचं."

"मी वर्षातून दोनदाच जातो, तेही कॅमेऱ्याशिवाय. जास्त गेलं की पायवाट पडते. पायवाट पडली की माणसं येतात. गेल्या शुक्रवारी गेलो होतो. काठाला ताजी विष्ठा होती, खवल्यांनी भरलेली, आणि बिळातून पिल्लांचा आवाज येत होता."

"म्हणजे आजच्यासाठी फक्त तुमचा शब्द."

"माझ्या शब्दावर जाऊच नका," बगळेबुवा म्हणाले. "माणसं पाठवा. परकी पाठवा, आमच्या खात्यातली नकोत."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. भिंतीवरच्या फळ्यावर खड्ड्यांचा मोठा नकाशा काढलेला होता. "या. बिळं नक्की कुठं आहेत ते दाखवा."

बगळेबुवा उठले आणि तिथंच थांबले. तिसऱ्या रांगेत दोन अनोळखी माणसं होती. त्यांच्या मागच्या चौघापाचजणांनी फोन वर धरले होते. सापळे लावणारा असा चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. त्या वेळीही आला नव्हता.

"तुम्हाला एकट्याला दाखवलं तर चालेल का?"

"ही खुली सुनावणी आहे. सगळ्यांसमोरच दाखवावं लागेल, नाहीतर नोंद होणार नाही."

सव्वीस वर्षं जी गोष्ट बायकोला, मुलीला, कुणालाच सांगितली नव्हती, ती आता ऐंशी माणसांसमोर सांगायची. न सांगावी तर भराव पडणार. सांगावी तर नवव्या दिवशी काय होईल? पहिल्या रांगेतल्या त्या बापानं खुर्ची सरकवून त्यांना जायला वाट दिली. ते नकाशापाशी गेले, खडू घेतला आणि तीन फुल्या मारल्या. तिसरी मारताना खडू मोडला.

काम थांबवून पाहणी करावी, असा तोंडी आदेश दुपारी दीडला झाला. बगळेबुवा बाहेर येऊन पायरीवर बसले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिनं सुनावणीचं काही विचारलं नाही.

"बाबा, जेवलात का?" एवढंच म्हणाली.

परकी माणसं बारा दिवस राहिली. त्यांना ठसे मिळाले, तिन्ही बिळं मिळाली आणि एका पहाटे दोन पिल्लं दिसली. खड्डे वाचले. ट्रकतळासाठी पलीकडची पडीक जागा बघायचं ठरलं. भट्टीला आता फाटक आहे, पहारेकरी आहे, आणि "कुठं दिसतात हो?" विचारणारी दहाबारा माणसं रोज फाटकाशी उभी असतात. मोठ्या तलावाचं प्रकरण अजून वर आहे, त्याचं काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. बाईंकडून खुलासा मागवला गेला. बगळेबुवांना शिक्षा अशी झाली नाही. फक्त एक परिपत्रक निघालं, की त्यांच्या प्रत्येक छायाचित्रावर शिक्का मारावा: 'स्थळ खात्रीलायक नाही.'

ते काम दप्तराकडे आलं. बगळेबुवा आपणहून मदतीला येऊन बसले. रोज दोन खण व्हायचे. बाई स्लाइड काढून द्यायच्या, ते शिक्का मारायचे, वाळवायचे, परत लावायचे. तिसऱ्या आठवड्यात बाईंचा हात एका स्लाइडवर थांबला.

"ही नको," त्या म्हणाल्या. "ही खरी आहे. नदीकाठची रोपं, मी नोकरीला लागले त्या वर्षीची. ही बघा, फावडं घेऊन मीच उभी आहे. ठिकाण बरोबर लिहिलंय तुम्ही. मी सांगते ना वर!"

"नका सांगू, बाई."

"का म्हणून? खऱ्यालाही शिक्का?"

"यातलं खरं कोणतं ते निवडायला लागलो की पुन्हा माझाच शब्द आला." त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे."

बाईंनी दिली नाही. त्यांनी स्लाइड टेबलावर ठेवली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बगळेबुवांनी ती उचलली, उजेडात धरून एकदा नीट बघितली, आणि शाई पुठ्ठ्यावरच राहील, चित्रावर येणार नाही, अशा बेतानं शिक्का मारला.