दुमडलेलं टोक

दुसऱ्याने केलेलं काम त्याच्या पसंतीला उतरणं महाकठीण, त्यामुळे गाडी दारात आली त्या दिवसापासून त्याचे हात शिवशिवत होते. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेमीत बसवायच्या, हे त्याचं पोटापाण्याचं काम; पण घरातली इस्त्री, मिक्सर, टेबललॅम्प यांतलं काहीही त्याच्या तावडीतून सुटलेलं नव्हतं. प्रत्येक वायरीवर कुठे ना कुठे त्याची काळी चिकटपट्टी होतीच. तो डावखुरा, म्हणून ती उलटी गुंडाळलेली असायची, आणि पुढच्या वेळी नखाने उकरत बसायला नको म्हणून तिचं टोक दुमडून त्याने छोटासा त्रिकोण केलेला असायचा. मेहुणा त्याला तोंडावर 'पट्टीसाहेब' म्हणायचा आणि हा ते नाव मिरवायचा.

घरात माणसं दोनच, तो आणि बायको. मूल झालं नाही. बरीच वर्षं बायकोच्या मनाला ते लागून राहिलं होतं. मग एकदा 'आपण दोघंच बरी' असं म्हणून त्याने विषय मिटवला, आणि तो मिटला असं तिने मानून घेतलं. गाडीही आयुष्यातली पहिलीच. कितीतरी गाड्या पाहून झाल्या, प्रत्येकीत त्याने खोट काढली, आणि परगावच्या एका निवृत्त नर्सबाईंची ही राखाडी गाडी दिसल्याबरोबर तो अडूनच बसला. "भावोजी, हिला काय सोनं लागलंय?" असं मेहुण्याने विचारलं तेव्हा त्याला धड उत्तर देता आलं नव्हतं.

आता तिच्यात नवा स्टिरिओ, चार स्पीकर आणि पायापाशी मंद उजेडाच्या पट्ट्या बसवायच्या होत्या, आणि अर्थातच स्वतःच्या हाताने.

"मागे स्पीकर कशाला?" बायको म्हणाली. "मागे कोण बसणार आहे?"

"अगं, आवाज चारी बाजूंनी यायला हवा."

"मी एका बाजूला बसते. मला एका बाजूने आला तरी चालेल."

सुट्टीच्या सकाळी त्याने बॅटरीची तार सोडवली, जुना रेडिओ खेचून काढला, दारांची आतली पॅनलं एकही क्लिप न मोडता उतरवली आणि स्वतःवर खूश होत मागच्या स्पीकरची वायर नेण्यासाठी डाव्या दाराखालची प्लॅस्टिकची पट्टी उचकटली. तिथे आधीच एक वायर होती. बारीक, काळी, कारखान्यातल्या जाड जुडग्याच्या शेजारून हळूच मागे गेलेली. कोणीतरी आधी हात घातलाय, म्हणून त्याने सवयीने नाक मुरडलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, की या कामात त्याला नाव ठेवायला जागाच नाही. वायर कुठे ताणलेली नव्हती, कुठे लोंबत नव्हती. मधल्या जोडावर चिकटपट्टी होती, उलटी गुंडाळलेली, आणि तिचं टोक दुमडून त्रिकोण केलेला होता.

असेल कोणी आपल्यासारखाच चिकट डावखुरा, असं म्हणून तो हसला. त्रिकोण चिमटीत धरून त्याने पट्टी उलगडली. आत जोडावर नायलॉनचा दोरा आवळून बांधलेला होता. अर्ध्या फ्रेमीच्या चष्म्यात काच धरून ठेवायला वापरतात तो, केसासारखा पारदर्शक. दुकानात त्याचे तुकडे उरायचे, ते तो खिशात घालून आणायचा आणि वायरीच्या जोडाला बांधायचा. हे त्याने कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुणाकडून घेतलंही नव्हतं.

तरी त्याला गंमतच वाटत होती, आणि इथेच तो चुकला. त्याने बायकोला हाक मारली.

ती हात पुसत आली, वाकली आणि बराच वेळ त्या दोऱ्याकडे पाहत राहिली. "हे तुम्ही आत्ता केलंत?"

"नाही गं. हे होतंच."

ती हसली नाही. वायर मागे कुठे जाते ते तिनेच शोधलं. मागच्या डाव्या खिडकीखाली, मोठ्या माणसाच्या कोपराच्याही खाली, कापडात बटणाएवढा दिवा बसवलेला होता. मोठ्या माणसाला तिथे दिव्याचा काही उपयोग नव्हता. मांडीवर पुस्तक घेऊन बसलेल्या लहानग्याच्या पानावर मात्र त्याचा उजेड बरोब्बर पडला असता. दिव्यावर गोल काच होती, डोळ्यांत उजेड खुपू नये म्हणून घासून धुरकट केलेली. त्याने काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा एकदा फिरवला. कडेची धार मारण्याची ती पद्धत त्याच्या अंगठ्याच्या ओळखीची होती.

"कोणासाठी लावला होतात?" बायकोने विचारलं.

"अगं, वेडी आहेस का? मी या गाडीत पहिल्यांदा..."

"हीच गाडी हवी म्हणून अडून कोण बसलं होतं?"

त्याने नर्सबाईंना फोन लावला आणि बायकोलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. बाई मोकळ्या होत्या, गाडीची चौकशी केल्याबद्दल त्यांना आनंदच झाला. गाडी त्यांनी नवी घेतली होती आणि एकटीनेच चालवली होती. दिव्याचं मात्र त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "मागे दिवा? छे हो. मागे कधी कुणी बसलंच नाही," त्या म्हणाल्या. त्याचा जीव भांड्यात पडला, पण बायकोच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. खोटं बोलायला लोकांना शिकवता येतं, एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते मीठ-पाण्यापुरतं. ती आदळआपट करणारी असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त पाहायची. तो वायर सोलताना, पट्टी दाताने तोडताना, टोक दुमडताना ती दारात उभी राहून त्याच्या हातांकडे पाहायची, आणि हळूहळू तोही पाहू लागला. दुकानातून उशीर झाला ते दिवस, कामासाठी परगावी गेलो ते दिवस तो मनात उलगडून पाहायचा. सगळं जागच्या जागी होतं. तरीही आपण निर्दोष आहोत हे छातीठोकपणे सांगायला तोंड उघडलं की त्याला उगाच भीती वाटायची. ती वायर पुढे डॅशबोर्डखालच्या जुडग्यात शिरून दिसेनाशी होत होती. तिचं बटण त्याने टॉर्च घेऊन, आडवं पडून शोधलं, पण सापडलं नाही. तोडून टाकायला पक्कड लावली आणि तशीच काढून घेतली.

काम पुरं झालं तेव्हा बायको कपडे बदलून बाहेर आली.

"मी भावाकडे जायचं ठरवलंय," ती म्हणाली. "पण आधी एकदा मला फिरवून आणा. मला बघायचंय."

काय बघायचंय, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. दिवस मावळत होता. त्याने गाणी लावली, पायापाशी निळसर उजेड पसरला, आणि खरं सांगायचं तर आवाज इतका सुरेख लागला होता, की एरवी त्याने चार वेळा तिच्याकडून शाबासकी वसूल केली असती. ती शेजारी ताठ बसून त्याचे हात पाहत होती. वस्ती मागे पडली, रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंची झाडं काळी होत गेली. आपण हिला गमावणार आहोत, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

"दिवा लागलाय," ती म्हणाली.

त्याने आरशात पाहिलं. मागच्या डाव्या खिडकीखाली तो बटणाएवढा दिवा जळत होता आणि त्याचा धुरकट उजेड रिकाम्या सीटवर पडला होता.

"मी नाही लावला."

"माहीत आहे. मी बघत होते."

एक गाणं संपलं, दुसरं संथ गाणं सुरू झालं. पुढे वळण आलं, वेग कमी झाला, आणि रस्त्यावरची नजर न काढता त्याचा डावा हात गिअरवरून सुटला, गुडघ्याजवळ डॅशबोर्डखाली गेला, जुडग्याच्या मागे वळला आणि तिथलं बटण त्याने दाबलं. मागे अंधार झाला.

"पुरे आता, डोळे दुखतील," तो म्हणाला. "झोप. पोचलो की उठवतो."

स्वतःचे शब्द कानांवर पडले तेव्हा स्टिअरिंगवरची त्याची बोटं गार पडली. आता ती किंचाळेल, गाडी थांबवायला लावेल, असं वाटून तो वाट पाहत राहिला. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. तिने हात पुढे केला आणि नव्या स्टिरिओवरची, त्याने तिला अजून दाखवलीही नव्हती ती कळ फिरवून, फक्त मागच्या दोन स्पीकरचा आवाज हळू केला.