नारायण पेठेतला कांदळ

मी कांदळ बोलतोय. नाव ऐकलं नसेल, तर लाजू नका. माझ्यावर पाऊण तास भाषण ठोकणाऱ्या गृहस्थांनीही मला पहिल्यांदा पाहिलं ते व्यासपीठावरच. खारफुटी म्हटलं की तुम्ही मान डोलावता, म्हणून सांगतो, त्या खारफुटीतलाच मी एक.

माझा जन्म कोकणातल्या एका खाडीतला. आमच्यात बी झाडावर असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखं लांब होईपर्यंत आई आम्हाला अंगाखांद्यावर वाढवते आणि मग चिखलात सोडून देते. तुमच्यासारखं लग्न होईपर्यंत सांभाळत बसत नाही.

मला उचललं मथुराबाईंनी. खाडीच्या अलीकडच्या तीरावर गावातल्या बायकांनी आमची रोपवाटिका केली आहे, तिच्या त्या पुढारी. माझी भावंडं तिथेच ओळीने लावलेली. हवेतला कार्बन आम्ही मुळांखालच्या चिखलात गाडून ठेवतो. शहाणी माणसं त्याला निळा कार्बन म्हणतात. चिखल काळा, पानं हिरवी. निळं कुठे दिसलं ते त्यांनाच ठाऊक.

सगळं बरं चाललं असतं, पण पाण्याबरोबर कचरा यायचा. दुधाच्या पिशव्या, वेफरची पाकिटं, थर्माकोल, फाटकी जाळी. ओली पिशवी अंगाला चिकटली की कोवळं रोप वाकतं, गुदमरतं आणि मरतं. माझ्या डाव्या हाताचा भाऊ असाच गेला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मथुराबाई रोज कचरा काढायच्या, हे खरं. पण काढून काय करायच्या, तर पलीकडच्या तीराकडे लोटून द्यायच्या. पलीकडचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात. तिथला श्याम नावाचा मासेमार तोच कचरा बांबूने ढकलून अलीकडे पाठवायचा. दोघांचंही ठाम मत, की घाण त्यांची आणि सोसतोय आम्ही. हसऱ्या बाळाचं चित्र असलेली एक पिशवी तर इतक्यांदा ये-जा करायची, की आम्ही तिला घरचीच समजू लागलो होतो. आणि ही म्हणे मोठी माणसं.

उपाय दोघांनाही माहीत होता. वर जिथे खाडी अरुंद होते आणि शहरातला कचरा आत शिरतो, तिथे आडवं जाळं बांधायचं. पण जाळ्याला दोन टोकं असतात. एक या जिल्ह्यात, एक त्या. दोन्ही गावांचं बोलणं बंद, मग बांधणार कोण? जाळं नाही बांधलं तर उरलेली भावंडंही जाणार, एवढं मला चिखलात उभ्या उभ्या कळत होतं.

शेवटी यावर परिषद भरली. कुठे? पुण्यात. समुद्राचा प्रश्न सोडवायला समुद्र नसलेलं गाव बरं पडतं, मध्ये मध्ये पाणी येत नाही. ‘किनारी समन्वय मंच’ नावाची संस्था, आणि तिचे अध्यक्ष अनंतराव, निवृत्त, मुक्काम नारायण पेठ. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोप द्यायची पद्धत आहे, म्हणून मथुराबाईंना येताना एक रोप आणायला सांगितलं होतं. त्यांनी मला आणलं. सभागृहाच्या दारातच संयोजकांनी मला प्लॅस्टिकच्या कुंडीत कोंबलं, वरून चकचकीत प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, त्यावर रिबन बांधली, आणि खारफुटीवर होणाऱ्या प्लॅस्टिकच्या दुष्परिणामांवरचं अनंतरावांचं भाषण ऐकायला मला टेबलावर ठेवलं.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. जिल्ह्यांच्या समन्वयासाठी परिषद, आणि बसायची व्यवस्था जिल्हावार. मथुराबाई या कोपऱ्यात, श्याम त्या कोपऱ्यात. शेवटी मथुराबाईंना माइक मिळाला. पलीकडच्या तीरावर एक खांब रोवायची परवानगी द्या, बाकी काही नको, असं त्या म्हणाल्या. आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे, असं अनंतराव म्हणाले आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. मठ्ठा उत्तम झाला होता, यावर मात्र सर्व जिल्ह्यांचं एकमत झालं.

परिषद संपल्यावर अध्यक्षांना भेट म्हणून मी अनंतरावांच्या घरी आलो. दोन बिऱ्हाडांना मिळून एक सामाईक गॅलरी, तिच्या या अर्ध्या भागात माझी स्थापना झाली. खारफुटीला मीठ लागतं, एवढं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. रोज सकाळी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून ते माझ्या मुळाशी ओतायचे. अहो, मी खारफुटी आहे, लोणच्याची कैरी नव्हे. महिन्याभरात माझी पानं कडेने जळायला लागली. त्यावर त्यांनी मीठ वाढवलं.

ते खारट, चिखलाळ पाणी कुंडीतून गळून गॅलरीभर पसरायचं. मग अनंतरावांच्या पत्नी उल्काताई खराटा घेऊन यायच्या आणि ते शेजारच्या सुशीलाबाईंच्या अर्ध्या भागात लोटायच्या. सुशीलाबाई काही कमी नव्हत्या. उल्काताईंची पाठ वळली की सगळा चिखल परत इकडे. वर आपापल्या दारातून टोमणे. दोन पावलांवर मोरी होती. तिकडे कुणी बघतही नव्हतं.

पुढे मंचाची बैठक अनंतरावांच्या घरी ठरली. दोन्ही तीरांचा एकेक प्रतिनिधी हवा, म्हणून मथुराबाई आणि श्याम आले. अहवालासाठी माझ्यासोबत फोटो काढायचा होता, तेव्हा दोघांना गॅलरीतल्या बाकावर बसवलं आणि अनंतराव जाकीट घालायला आत गेले. बाकाच्या या टोकाला मथुराबाई, त्या टोकाला श्याम, मध्ये मी. दोघंही दोन दिशांना तोंड करून बसलेले.

तेवढ्यात उल्काताई आल्या आणि त्यांनी चिखल पलीकडे लोटला. सुशीलाबाई बाहेर आल्या, त्यांनी तो अलीकडे लोटला. उल्काताईंनी पुन्हा लोटला. पाहुणे बसलेत याची दोघींनाही शुद्ध नव्हती. श्याम बघत राहिला. मथुराबाईही बघत राहिल्या. चिखलाबरोबर एक चॉकलेटचा कागद इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होता.

“काकी,” श्याम हळूच म्हणाला, “ही तर आपली खाडी.”

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडताहेत, पण खांदे हसण्याने हलत होते. श्यामही खदखदून हसायला लागला. आजवर मी माणसांवर थुंकलो नाही इतकंच, पण त्या क्षणी मला दोघांविषयी थोडी माया वाटली. नाहीतर तुमचं सगळं आयुष्य आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यातच जातं.

हसू ओसरल्यावर मथुराबाई म्हणाल्या, “आमच्या बाजूचा खांब मी रोवून घेते. जाळं तुझं.”

“पलीकडचा खांब माझा,” श्याम म्हणाला.

झाली परिषद. अनंतराव जाकिटाची बटणं लावत बाहेर आले, तेव्हा त्यांनी समन्वय करावा असं काही उरलंच नव्हतं. तरी फोटो निघाला. त्याखाली मंचाच्या अथक प्रयत्नांना यश, असं छापून आलं म्हणतात. येणारच.

निघताना मथुराबाईंनी माझ्या जळक्या पानावरून बोट फिरवलं आणि मला परत मागितलं. भेटवस्तू परत कशी द्यायची, असं अनंतराव पुटपुटले. तेव्हा उल्काताई म्हणाल्या, “न्या हो तुम्ही. ह्यांच्याकडे राहिला, तर पुढच्या परिषदेची सुरुवात ह्याच्या श्रद्धांजलीनेच करावी लागेल.”

मथुराबाईंनी मला मुळांसकट हलकेच उपसलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलं. कुंडी, रिबन आणि तो चकचकीत कागद त्यांनी अनंतरावांच्या हातात दिला.

“हे ठेवा तुम्हांला,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे पुष्कळ येतं.”

आता मी माझ्या चिखलात उभा आहे. परत आलो तोवर निम्मी भावंडं गेली होती, त्यांना कुठला अहवाल परत आणणार? उरलेल्यांना नवी पानं फुटताहेत, मलाही एक जोडी आली आहे. जाळं लागलंय. रोज सकाळी एका टोकाला मथुराबाई आणि दुसऱ्या टोकाला श्याम ते ओढतात. ओढताना भांडतात, पण कचरा आता एकाच ढिगात पडतो. ती हसऱ्या बाळाची पिशवीही त्यातच गेली.

पुणेकरांनो, तुमची पुढची परिषद ठरली आहे, असं ऐकतो. मला बोलवू नका. कळवळा आलाच असेल, तर तुम्हीच इकडे या, भाषण न आणता. जाळं फार जड होतं आणि ओढायला दोन्ही टोकांना माणसं कमी पडतात.