पाच मिनिटांचा रस्ता

“आई, एवढा घट्ट टाका कशाला घालतेस? सीट काय उठून पळणार आहे?”

दुकानातल्या टेबलावर पाय हलवत बसलेल्या मुलाचा हा आवाज कितीतरी वर्षांपूर्वीचा. पण शेवटचा टाका ओढताना मावशीच्या कानात तो अजून उमटायचा, आणि तीही अजून उत्तर द्यायची.

“पळाली तर म्हणेन तुझ्यावर गेली,” ती पुटपुटली आणि दातांनी दोरा तोडला.

हातात दोन चिमुकल्या खोळी होत्या. कापड सुती, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ते तिने गालाला लावून पाहिलं, हसली, आणि दोऱ्याचं रीळ तसंच हातात घेऊन, दुकानाची कडी ओढून दवाखान्याच्या रस्त्याला लागली. आज शेजारची पोर बाळाला घेऊन घरी येणार होती.

गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांची सीट कव्हरं मावशीच्या हातची. बसची बाकडी, न्हाव्याची खुर्ची, दात काढणाऱ्या डॉक्टरांचा तो उताणा पाळणा, सगळ्यांना तिने कपडे चढवले होते. बेल्टचं काम मात्र ती घेत नसे. कुणी नवखं गिऱ्हाईक चिरलेला बेल्ट घेऊन आलं, तर शेजारचा दुकानदार त्याला हळूच बाजूला घ्यायचा आणि दुसरीकडचा पत्ता द्यायचा.

बऱ्याच वर्षांपूर्वी, परीक्षा संपली त्या दुपारी पाच मुलं एका गाडीतून निघाली होती. वळणावर गाडी उलटली. चार घरांतला उजेड गेला, त्यातलं एक मावशीचं. शेजारची पोर तेवढी हात गळ्यात बांधून परत आली. गाडीत बेल्ट तिने एकटीनेच लावलेला होता. “भित्री भागूबाई” म्हणून बाकीचे तिला चिडवायचे, तरीही लावायची.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. सगळे म्हणत, वळण वाईट होतं. गावाने खेटे घालून घालून ते वळण काढायला लावलं. आता तिथून रस्ता फूटपट्टीने आखल्यासारखा जातो, दोन्ही बाजूंना झाडं आहेत, मुलं सायकली पिटाळतात. तरी लोक अजून वळणालाच दोष देतात. बेल्ट मात्र त्या दिवसापासून गावात लहानथोर सगळे लावतात. फक्त गाडीत मावशी असली की बकलावर तळवा धरून लावतात, खट् असा आवाज होऊ नये म्हणून. मावशीला तो तळवा दिसायचा. ती माया आहे हेही कळायचं. म्हणून तीही खिडकीबाहेर बघत बसायची.

आणि त्या पोरीला काय सांगत आले लोक? नशीब गं तुझं. थोर नशीब. मान खाली घालून ती ते ऐकून घ्यायची. तू बरोबर केलंस, असं तिला कुणी म्हणालं नाही. तिला बरोबर म्हणायचं तर त्या चौघांना चूक म्हणावं लागणार, आणि ते बिचारे उत्तर द्यायला यायचे कुठून?

मावशीनेही म्हटलं नव्हतं. तिने त्या पोरीला जेवू घातलं, दप्तरं शिवून दिली, तिच्या लग्नात पाय दुखेपर्यंत नाचली. ते एक वाक्य तेवढं जिभेखाली राहिलं. पोर दुकानात आली की टेबलाच्या कडेला टेकून उगाच थांबायची, काहीतरी ऐकायचं राहून गेल्यासारखी. मग म्हणायची, “येते मावशी,” आणि जायची.

आठवड्यापूर्वी तिचाच फोन आला होता. “मावशी, बाळाच्या सीटचे बेल्ट खरखरीत आहेत गं. मानेला लागतील तिच्या. तू काही शिवशील?” आणि लगेच, “नको, राहू दे. मी बघते काहीतरी.”

“तू काय बघणार आहेस, तुला सुईत दोरा ओवता येतो का?” मावशी म्हणाली होती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ कात्री शोधत राहिली. कात्री हातातच होती.

दवाखान्याच्या दारात पोरीचा नवरा, मावशीचे जावईबापू, गाडी पुसत होते. गाडी इतकी चकचकत होती की येणारी-जाणारी माणसं तिच्यात बघून केस सारखे करत होती.

“बसली का सीट?” मावशीने विचारलं.

“बसली! तीन दिवस लागले मावशी. कागदावर चित्रं आहेत, पण चित्रातल्या माणसाला तिसरा हात असावा असं वाटतं.”

“लग्न जमायलाही एवढा वेळ लागला नव्हता तुम्हाला.”

“तिथे हो म्हणणारं माणूस होतं. ही सीट काही बोलतच नाही.”

मावशी मागच्या दारातून आत वाकली. सीट तोंड मागे करून घट्ट बसली होती. तिने दोन्ही बेल्टवर खोळी चढवल्या, बोट फिरवून शिवण कुठे टोचत नाही ना ते पाहिलं. काम चोख झालं होतं.

एवढ्यात आतून वरात आली. पुढे विहीणबाई, म्हणजे जावईबापूंची आई, काखेत उशी, हातात थर्मास, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा थाट. मागून नर्स. नर्सच्या आधाराने पोर, आणि तिच्या कुशीत ते गाठोडं. गाठोड्यातून एक नाक तेवढं दिसत होतं.

“बघा ताई, बघा!” विहीणबाई लांबूनच ओरडल्या. “नाक आमच्याकडचं आहे!”

“असू दे की. मोठी झाली की बदलेल,” मावशी म्हणाली. नर्स इतकी हसली की तिने आधाराला विहीणबाईंच्या हातातला थर्मासच धरला.

बाळाने जांभई दिली. एवढ्याशा तोंडातून एवढी मोठी जांभई, की सगळेच थांबून बघत राहिले. तिचं कौतुक संपेपर्यंत शिंक आली. मग शिंकेचं कौतुक. दारातला रखवालदारही खुर्ची सोडून येऊन शिंक ऐकून गेला.

विहीणबाई थर्मास नर्सकडे देऊन मागच्या सीटवर चढल्या, ऐसपैस बसल्या, उशी मांडीवर ठेवली आणि हात पसरले. “आण इकडे माझ्या बाहुलीला.”

“आई, सीट आहे ना तिची,” जावईबापू म्हणाले.

“सीट! पहिल्यांदा घरी येतेय पोर, ती काय सामानासारखी बांधून न्यायची? अरे, या मांडीवर अख्खी गल्ली मोठी झालीय. तू सुद्धा. कधी सांडलास का?”

“नाही, पण—”

“पाच मिनिटांचा तर रस्ता. तू नेहमीसारखा गोगलगाय होऊन चालव, म्हणजे झालं.”

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. पोरीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. ओठ उघडले. मग तिची नजर मावशीकडे गेली, मावशीच्या हातात राहिलेल्या दोऱ्याच्या रिळाकडे गेली, आणि ओठ मिटले.

“पाचच मिनिटं आहेत,” ती हळूच म्हणाली, आणि बाळ पुढे केलं.

मावशीला लख्ख कळलं. चार जण टाळ्या पिटून चिडवत असताना जिने आपला बेल्ट सोडला नव्हता, ती पोर आज मावशीला लागू नये म्हणून स्वतःच्या लेकीचा सोडत होती. विहीणबाईंच्या मांडीला नाही भ्यायली ती. मावशीच्या गप्प बसण्याला भ्यायली.

मावशीने मध्ये हात घातला. “विहीणबाई, थांबा.”

“का हो? तुम्हाला घ्यायचंय का आधी?”

“घेईन की, घरी गेल्यावर. रात्रीपर्यंत देणार नाही मग कुणाला.” मावशीने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. “आमच्या मुलांची गाडी उलटली, तेव्हा ही त्याच गाडीत होती. वळण तेच, वेग तोच. हिने बेल्ट लावला होता, म्हणून ही आज आहे. तुमच्या घरी आली ती त्यामुळे. आणि हे नाक सुद्धा.”

नर्सने थर्मास खाली ठेवला. जावईबापूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. विहीणबाई एकदा सुनेकडे बघत, एकदा मावशीकडे.

मग त्यांनी मांडीवरची उशी उचलली आणि मुलाच्या अंगावर टाकली.

“अरे, बघत काय उभा राहिलास? सांगता येत नव्हतं का आधी? हो बाजूला, उतरू दे मला. आणि दाखव, कुठे काय अडकवायचं ते. अगं बाई, या खोळी कुणी शिवल्या? जीव केवढा, थाट केवढा!”

त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. स्वतःचा बेल्ट ओढला, दोनदा अडकला, तिसऱ्यांदा बसला, आणि त्यांनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं. बाळाला सीटमध्ये ठेवताना सहा हात लागले; बहुधा चित्रातल्या माणसाचाही एक होता. बाळाने या सगळ्याची काडीचीही दखल घेतली नाही. मूठ गालाखाली घेऊन ती झोपली.

गाडी निघाली. जावईबापू इतके सावकाश चालवत होते की एक आजोबा चालत पुढे गेले आणि जाता जाता हात करून गेले.

“गोगलगाय म्हटलं होतं मी,” विहीणबाई म्हणाल्या. “झोपलेली गोगलगाय म्हटलं नव्हतं.”

मागे बाळाच्या एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला मावशी. पोरीचे डोळे भरून वाहत होते आणि ती हसतही होती. विहीणबाई आणि त्यांचा मुलगा वेगावरून भांडायला लागले, तशी तिने बाळावरून हात पुढे करून मावशीचं मनगट धरलं.

“मावशी, तू कशाला बोललीस गं? तुला किती…”

“गप. ती उठेल.”

थोडा रस्ता गेला. बाजूने झाडं सरकत होती, पानांतून पडलेलं ऊन बाळाच्या कपाळावरून पळत होतं.

“मला एक सांग,” मावशी म्हणाली. “त्या दिवशी तू बेल्ट लावलास, तेव्हा हसली का गं सगळी तुला?”

पोरीने खाली पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

“आणि आमचा?”

“तो तर…” तिचा आवाज फुटला, पण ओठांवर हसू आलं. “सगळ्यात मोठ्याने.”

“हसलाच असणार. ओळखत नाही का मी त्याला?” मावशीही हसली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग तिने पोरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“चुकला गं तो. माझा पोरगा चुकला. तू बरोबर होतीस.”