उजव्या मांडीचा मान

राजवर्धनचे केस काढायचे होते, काम एवढंच होतं. तेवढ्यासाठी जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी, डिकीभर सामान, दोन पोरं, उलटीच्या पिशव्या आणि एक नवरा असा सगळा सरंजाम घेऊन वर्षाराणी पुण्याहून माहेरी निघाली होती.

पोराचं तिसरं वर्ष पुढच्या महिन्यात संपत होतं. जावळ विषम वर्षातच काढायचं, असा सासूबाईंचा कायदा. चौथं लागलं की थेट पाचव्यापर्यंत थांबायचं. तोवर खांद्यावर रुळणारे केस घेऊन त्यानं शाळेत जायचं. आत्ताच त्याच्या मानेवर पुरळ उठलं होतं, दोनदा उवा झाल्या होत्या, आणि सोसायटीतल्या बायका ‘काय गोड मुलगी हो’ म्हणत त्याला बांगड्या आणून देत होत्या. पोरगं झोपेत डोकं खाजवत रडायचं. या सुट्टीत केस काढायचे म्हणजे काढायचेच, असं वर्षाराणीनं ठरवून टाकलं होतं.

अडचण मांडीची होती. पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात. राजवर्धनला मामा दोन, म्हणजे मांड्या चार, आणि बसायला एकही नाही.

थोरला आकाराम कागलला, धाकटा ज्ञानू कबनूरला. पोरगं जन्मलं त्या वर्षापासून दोघांचं बोलणं बंद. शेताची वाटणी झाली तेव्हा हे भांडले नाहीत, विहिरीवरून भांडले नाहीत, आईच्या दागिन्यांवरून भांडले नाहीत. भांडले ते फ्लेक्सवरून. आकारामच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला होता. गॉगल घातलेला आकाराम, कानाला मोबाइल, मागं डरकाळी फोडणारा वाघ, आणि खाली शुभेच्छुकांची जत्रा. त्या जत्रेत ज्ञानूचा फोटो शेवटच्या ओळीत, आकारामच्या ड्रायव्हरच्या शेजारी होता. शिवाय ड्रायव्हरच्या फोटोपेक्षा लहान. ज्ञानू म्हणे शिडी लावून वर चढला आणि त्यानं दोन्ही फोटो टेपानं मोजले. सख्ख्या भावाचं प्रेम असं टेपानं मोजता येतं, हे वर्षाराणीला त्याच वर्षी कळलं.

सातारा ओलांडेपर्यंत सात वर्षांच्या क्रांतीनं दोनदा आणि राजवर्धननं एकदा उलटी केली. सम्राट गाडी चालवत होता. सम्राट नावाच्या या माणसानं आयुष्यात एकही निर्णय घेतलेला नव्हता. “तुमच्या घरातलं आहे, मी कशाला मध्ये पडू?” हे वाक्य तो लग्नापासून जपून वापरत होता.

कागलला आकारामनं अंगणातूनच हाळी दिली, “या पावणं! पयल्यांदा जेवा, मग बोलू.”

जेवण म्हणजे मटण, आणि नको म्हणणं म्हणजे वैर. सम्राटनं वैर टाळलं, तीन वेळा रस्सा घेऊन टाळलं. हात धुतल्यावर वर्षाराणीनं विषय काढला.

“दादा, परवा जावळ काढूया. तुम्ही दोघं बसा.”

“दोघं कशाला? थोरला म्या हाय. थोरली मांडी असताना धाकटीचं काय काम?”

“ज्ञानूदा पण मामाच हाय की.”

“हाय की. हाय तर ऱ्हाऊ दे तिकडंच. त्यानं येऊन म्हणू दे, दादा चुकलो. मग बघतो.”

“कशाबद्दल चुकलो?”

आकारामला चटकन आठवेना. मग आठवलं. “माझ्या फ्लेक्सवर शिडी लावलीया त्यानं!”

फोनवर मिटवावं म्हटलं तर मानाचं बोलणं फोनवर होत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कबनूरकडं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकीच्या मागं लागलं की ऊस बघत बसायचं, ओलांडली की दुसरीचा ऊस बघायचा.

ज्ञानूचे यंत्रमाग घराला लागूनच होते. त्या खडखडाटात जन्म काढल्यामुळं तो माग बंद असतानाही ओरडूनच बोलायचा. “आधी तिकडं गेलतीस न्हवं? आधी तिकडं! मग हिकडं कशाला आलीस? उरलंसुरलं द्यायला?”

“कागल रस्त्यात लागतं, ज्ञानूदा.”

“रस्त्यात काय बी लागतंय. माणसानं मनात काय ठेवलंय त्ये बघायचं असतंय!” मग लगेच आत वळून, “अगं ए, मटण टाक गं! पावणं आल्यात!”

सम्राटनं शर्टाच्या आतून हळूच पट्टा एक भोक सैल केला.

वर्षाराणीनं रात्रभर विचार करून एक तोड काढली होती. बाकड्यावर दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, एक मांडी याची, एक त्याची, आणि पोरगं मधोमध. ज्ञानूनं मान खाली घालून बराच वेळ हाडूक चोखलं.

“चालंल,” तो ओरडला. “पर उजवीकडं मी.”

पुन्हा ट्रॉल्या, पुन्हा कागल.

“उजवीकडं त्यो? आणि म्या डावीकडं? डावीकडं बायकू बसती पूजेला! म्या काय त्याची बायकू हाय?”

पुन्हा गाडीत बसल्यावर मागच्या सीटवरून क्रांतीनं विचारलं, “आई, मामा म्हणजे मांडी असते का?”

“हो,” वर्षाराणी म्हणाली. “बाकी काही नसतं त्यात.”

“अगं, पोरांसमोर काय...” सम्राट म्हणाला. घरातल्या प्रश्नावर दोन दिवसांत त्यानं मांडलेलं हे पहिलं मत होतं.

शेवटी तिनं आकारामला सांगितलं, “दादा, पोराच्या उजव्या हाताला तू.” आणि ज्ञानूकडं जाऊन सांगितलं, “ज्ञानूदा, समोर उभं राहून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला तू.” दोघंही खूश झाले. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याची जिरली. एवढ्याशा अकलेच्या माणसांपैकी एकानं साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहावं आणि दुसऱ्यानं दहा माणसं कामाला ठेवावीत, याचं वर्षाराणीला पूर्वी आश्चर्य वाटायचं. आता वाटेनासं झालं होतं.

जागा ठरली ती दोन्ही गावांच्या मधल्या एका गावातलं मारुतीचं देऊळ. दिवस सव्वीस जानेवारीचा. देवळासमोर ख्वाजाचं केशकर्तनालय होतं. वस्तरा घेऊन तो पारावर येणार, बाकडं त्याचंच. झेंडावंदन करून पोरं परतत होती आणि नाक्यावर जिलेबीच्या कढया चढल्या होत्या. राजवर्धनला जिलेबी मिळाली, आणि पाक केसांत गेला. आता केसांची एक बट गालाला, दुसरी कानाला चिकटलेली, आणि भोवती माश्या. पोरगं भोकाड पसरून रडत होतं.

आकारामचा फोन आला. “आला का त्यो?”

“नाही अजून. तू ये की.”

“त्यो आला की सांग. म्या पंपावर हाय. आधी जाऊन त्याची वाट बघत बसू व्हय?”

पाठोपाठ ज्ञानूचा. “आला का गं? आलाय का?”

“तू कुठं आहेस?”

“उसाच्या रसाच्या गाड्यावर. तीन गिलास झाल्यात. त्यो आला की मिस कॉल मार!”

वर्षाराणीनं पारावरून बघितलं. रस्त्याच्या एका टोकाला पेट्रोल पंप, तिथं आकारामची पांढरी गाडी. दुसऱ्या टोकाला रसाचा गाडा, तिथं ज्ञानूची पांढरी गाडी. दोघांनाही पारावरची वर्षाराणी दिसत होती, पोराचं रडणं बहुतेक ऐकूही जात होतं. तिनं दोघांना पुन्हा एकेक फोन केला. पोराला माश्या खातायत, आता या, म्हणाली. दोघंही म्हणाले, “त्यो हलला की म्या हललोच.”

ख्वाजा आला. “ताई, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबल्यात. सुट्टीचा दिस हाय. करायचं काय?”

तिनं पोराला उचलून कडेवर घेतलं. “चला दुकानात.”

“अगं पण मामा?” सम्राट उठला.

“तू जाऊन बसतोस मांडी घेऊन?”

“मी कसा? मी बाप.”

“मग बस खाली.”

दुकानात ख्वाजानं खुर्चीच्या दोन हातांवर लहान पोरांसाठीची लाकडी फळी आडवी टाकली. “मामाच्या मांडीवर बशिवत्यात ना ओ ताई तुमच्यात?”

“फळी बरी आहे. हलत नाही, बोलत नाही.”

ख्वाजानं पोराच्या गळ्यात कापड बांधलं आणि मोबाइलवर कार्टून लावून आरशाला टेकवून ठेवला. पाकानं चिकटलेल्या बटा आधी कात्रीनं उडवल्या, मग मशिन फिरवलं. राजवर्धनचं रडणं हळूहळू थांबलं. जावळाचा मान फळीला गेला आणि फळीनं तो काही न बोलता घेतला. मानेवरचं पुरळ पहिल्यांदाच उघडं पडलं, तेव्हा वर्षाराणीनं त्यावर हळूच फुंकर घातली. ख्वाजानं खोबरेल लावलं. पोरानं आपल्याच डोक्यावरून हात फिरवून बघितला आणि आरशात बघून हसलं.

खाली पडलेले केस ख्वाजानं सवयीनं कुंच्यानं कोपऱ्यात लोटले. सकाळपासूनच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे केस तिथंच होते.

तेवढ्यात दोन्ही पांढऱ्या गाड्या दोन्ही बाजूंनी येऊन थांबल्या. खबर गेली असणार. दोघं भाऊ दाराच्या चौकटीच्या दोन बाजू धरून, एकमेकांकडं न बघता उभे राहिले.

“वर्षे! मामा जित्ता असताना?” दोघं एकदमच ओरडले. तीन वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका विषयावर बोलत होते.

“भावानं तोंड कुठं दाखवायचं गावात?” आकाराम म्हणाला.

“व्हय, कुठं दाखवायचं?” ज्ञानू म्हणाला. आपण थोरल्याच्या बाजूनं बोललो हे ध्यानात येताच त्यानं खाकरून घसा साफ केला.

“बरं, झालं ते झालं,” आकाराम म्हणाला. “जावळ नदीत सोडायचा मान तरी मामाचा. केस दे हिकडं. पंचगंगेत सोडतो.”

“तू कशाला? मी सोडतो! माझ्या घरापासनं नदी जवळ हाय!”

“जवळ हाय म्हणून काय नदी तुझी झाली व्हय रं?”

“मग तुझी हाय का? लाव फ्लेक्स तिच्यावर!”

दोघं भांडत भांडत रस्त्यावर उतरले. जिलेबीवाल्यानं झारा हातात धरून बघायला सुरुवात केली. सम्राट मधोमध उभा राहून दोघांनाही मान डोलावत होता. क्रांती पायरीवर बसून जिलेबी खात मामांकडं बघत होती.

वर्षाराणीनं राजवर्धनला कडेवर घेतलं. त्याचं गुळगुळीत डोकं तिच्या गालाला लागलं. तिनं कोपऱ्यातल्या ढिगाकडं बघितलं.

“ख्वाजाभाई, दोन पिशव्या आहेत का?”

“हाईत की.”

“त्या ढिगातले भरा दोन्हींत.”

ख्वाजानं ढिगाकडं बघितलं, मग बाहेर बघितलं. “ताई, ह्यात पांढरं बी हाईत. मेंदी लावल्यालं बी हाईत.”

“असू देत. उघडून बघायचे नाहीत ते. फक्त एक करा, दोन्हींत सारखं भरा. एकात जरा कमी पडलं, तर मी उद्या पण इथंच.”