स्विचची खंडेनवमी

आता कॉलेजातलं नेट बिघडलं की पुण्यात बसलेला कोणी न पाहिलेला माणूस ते सुधारतो. दोन हजार चारात वर्ध्याच्या त्या कॉलेजात हे काम कवडू करायचा. पाच वर्षांपासून टेम्परवारी. दिवाळीआधी कमिटी त्याला पर्मनंट करणार होती.

तीन वर्षांपूर्वी आलेला, सगळ्या कॉलेजला नेट वाटणारा कपाटाएवढा स्विच होता. त्यात दोन कंट्रोल कार्डं. एक अख्ख्या कॉलेजचं नेटवर्क हाकायचं, दुसरं त्याच्या जागी उभं राहायला तयार. पुस्तकं चाळून, ठेचा खात कवडू ते शिकला. सगळ्या विभागांच्या नेटची मांडणी त्यानं एकेक ओळ टाइप करून भरली. फक्त सेव्ह केली नाही. दोन कार्डं, वर बॅटरी. बंद पडते कशाला?

खंडेनवमीला ऑफिसचे मोठे बाबू सदाशिवराव हळदकुंकू घेऊन आले.

"आज औजाराले आराम असते. बंद कर."

"साहेब, हे बंद करत नसतात."

"काऊन? तुमच्यात पाळत नसन, आमच्यात पाळतात!"

आणि खटका त्यांनीच ओढला. कवडूच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली.

दसरा झाल्यावर स्विच चालू केला. दोन्ही कार्डं कोरी; सेव्ह न केलेलं सगळं पुसलं गेलं होतं.

मग दोन दिवस काय मजा होती! कवडू आठवून आठवून टाइप करायचा. लायब्ररीतली भावना खोल्याखोल्यांतून धावत ओरडायची, "कवडूभाऊ, फिजिक्सचं लागलं! हॉस्टेलचं अजून मेलंच हाय!" चहा गार व्हायचा, तसाच प्यायचे.

सगळं लागलं तेव्हा सदाशिवरावांनी कागद पुढं सरकवला. "कार्ड खराब निघालं म्हणून लिहून दे. तूही वाचशीन, मीही."

"कार्ड चांगलं हाय. बंद तुम्ही केलं, सेव्ह मी नाई केलं. दोघाईचं नाव लिहितो."

लिहिलं. सदाशिवरावांना साधी समज मिळाली. कवडूला घरी बसवलं. न्याय म्हणतात याला!

आज सिंदी मेघेत त्याचं रिपेरिंगचं दुकान आहे. भावना चार्जर घ्यायला आली की जुन्या गोष्टी निघतात, हसतात दोघं, आणि मग ती चिडतेच.

"एक सही केली असती तं आज पर्मनंट राह्यले असते ना, भाऊ!"

"आन् त्या कार्डावर आळ टाकला असता? तीन वर्षं खपलं थे आपल्यासाठी, ताई."