गेटवरचं लाल फडकं

माझ्या सहा तळ्यांतले मासे निम्म्या शहराच्या ताटात जातात. दवाखान्यातल्या आजाऱ्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे तेच खातात आणि वर मलाच नावं ठेवतात, ओढा घाण केला म्हणून. त्यात सगळ्यात पुढे माझा सख्खा धाकटा भाऊ.

त्याचं घर ओढ्याच्या खालच्या अंगाला. ओढ्यात पूर्वी चंदेरी पाठीचे बोटभर मासे असायचे. माझ्या तळ्यांचं पाणी तिकडे जायला लागलं आणि ते संपत आले. उरलेसुरले यानं टोपलीनं धरले, अंगणात हौद बांधला आणि तीन वर्षं खपून त्यांची पिल्लं काढली. हौदाला पाणी ओढ्याचंच, पंपानं ओढलेलं.

म्हणून आमच्यात एक ठरलेलं होतं. तळ्याच्या बुडाचं काळं पाणी ओढ्यात सोडायच्या तासभर आधी मी तळ्याचं पाणी सोडायच्या गेटच्या बांबूवर लाल फडकं बांधायचं. ते दिसलं की तो पंप बंद करायचा. फडक्याच्या कोपऱ्याला ठिगळ होतं, त्याच्याच हातचं. एकदाही चूक झाली नव्हती.

मग एक अधिकारी पाहणीला आला. माझ्या तळ्यांवर नाक धरून उभा राहिला आणि धाकट्याच्या हौदाशी तासभर उकिडवा बसला. जाताना मला म्हणाला, "जरा भावाकडून शिका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला मी मागून धरून सायकल शिकवली, त्याच्याकडून मी शिकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या तळ्यातले मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. पाणी बदलणं भागच होतं. मी फडकं हातात घेतलं, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मालक, फडकं राहिलं," कामगार म्हणाला.

"तू गेट उघड."

दुपारी मुद्दाम धाकट्याकडे गेलो. हौद मेलेल्या पिल्लांनी पांढरा झाला होता. तो चाळणीनं ती काढत होता.

"मी तीनदा वर बघितलं, दादा. फडकं नव्हतं. वाऱ्यानं उडालं असेल ना?"

"उडालं असेल," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढे पंधरा दिवस तो ओढ्यात टोपली घालत होता. एकही मासा मिळाला नाही. मग मान खाली घालून माझ्याकडे काम मागायला आला.

"गेट सांभाळ," मी म्हणालो. "फडकंही आता तूच बांधत जा." आणि बोलण्याच्या भरात खण उघडून ते त्याच्या हातात दिलं.

त्यानं घडी उलगडली. ठिगळावरून अंगठा फिरवला. पुन्हा तशीच घडी घातली.

कामावर तो रोज वेळेवर येतो. पोट कुणाला चुकलंय? फक्त त्या दिवसापासून मला दादा म्हणत नाही. मालक म्हणतो.